मॅडम, मग मी काय करू?

कौन्सेलिंगला मराठीत आपण 'समुपदेशन' म्हणतो. हा शब्द जरा सुटा करून बघा. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलाय. सोलापुरात माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवरही हाच शब्द आहे, आणि पाटी वाचून आत येणाऱ्याची अपेक्षा तिथेच ठरून जाते. मॅडम काहीतरी सांगतील. फी घेतात, म्हणजे शेजारच्या काकांपेक्षा बरंच सांगतील.

मी ज्या पद्धतीने काम करते, ती मात्र उपदेश न करण्यावर उभी आहे. तिचं नाव पर्सन-सेंटर्ड थेरपी, मराठीत व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनी ती मांडली. तिचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला काय खुपतंय आणि कुठल्या दिशेने जायला हवं, हे त्याचं त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत असतं. ऐकणाऱ्याने अशी जागा तयार करायची, की त्याला स्वतःचं बोलणं ऐकू येईल.

पुस्तकात हे वाचायला छान वाटतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत, पंख्याखाली, समोर बसलेला माणूस जेव्हा विचारतो, "ते सगळं ठीकय ओ मॅडम, पण मग मी काय करू?", तेव्हा गप्प बसणं फार अवघड असतं. आपल्याकडे सल्ला न देणं म्हणजे आपुलकी नसणं. रिक्षावाला, मेडिकलवाला, बस स्टँडवर भेटलेली मावशी, सगळे सल्ला देतात, आणि प्रेमाने देतात. अशा गावात सल्ला न देता एखाद्याला मदत करता येते का? एका क्लायंटच्या निमित्ताने मी या प्रश्नाकडे बघणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे. तो ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत, आणि नाव मी देणार नाही.

*

तो तिशीतला. सरकारी बँकेत ऑफिसर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर कुटुंबातला. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी : तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर उभं केलंय. चादरी, टॉवेल, हातमाग, मग यंत्रमाग. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींच्या मधली एक खास सोलापुरी बोली. पुरुष मागावर आणि बायका घरी बिड्या वळताहेत, हे इथल्या हजारो घरांचं चित्र. त्याच्याही घरचं तेच. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. मजुरी हजार बिड्यांवर. नीट न वळलेल्या बिड्या कारखान्यात बाजूला काढल्या जायच्या, त्यांचे पैसे नाहीत.

या घरातून तो शिकला, परीक्षा पास झाला, बँकेत लागला. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. आईच्या मांडीवरचं सूप त्याने स्वतः उचलून माळ्यावर ठेवलं. गल्लीत आजही मुलांना सांगताना त्याचं उदाहरण देतात.

आणि तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "सगळं चांगलंय की मॅडम. तक्रार काहीच नाही. फक्त समाधान नाही."

झोप ठीक. भूक ठीक. डॉक्टरांनी थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सगळं तपासलं होतं. कामावर जात होता. पण रविवारी संध्याकाळी छातीवर काहीतरी बसल्यासारखं व्हायचं. इन्स्टाग्रामवर कॉलेजचे मित्र दिसायचे. कुणी हिंजवडीत, कुणी दुबईत, कुणी जर्मनीत. त्यांच्यासारखं व्हायचंय का? तर तेही नाही. मग काय हवंय? माहीत नाही.

इथवर पोचण्याआधी त्याने सल्ले गोळा केले होते, आणि बँकेतला माणूस असल्यामुळे मोजलेही होते. लग्न कर. तुळजापूरला जाऊन ये. जिम लाव. मेडिटेशनचं ॲप घे. मोबाईल कमी कर. एमबीए कर. आणि सातवा, सगळ्यांत जास्त वेळा मिळालेला : आपल्यापेक्षा खाली बघ, समाधानी राहा.

"आठवा तुम्ही द्या," तो हसत म्हणाला.

*

'समाधान' हा शब्द मजेशीर आहे. मराठीत त्याचा अर्थ तृप्त असणं, आणि दुसरा अर्थ उत्तर मिळणं. शंकेचं समाधान होतं, तेव्हा उत्तर मिळालेलं असतं. आपण मात्र असमाधानी माणसाला उत्तर न देताच समाधानी व्हायला सांगतो. संतांचे दाखले देतो. आपल्या घरांमध्ये असमाधान हा प्रश्न न राहता दोष होतो. नाटकं. माज. खायला मिळतंय ना दोन वेळ?

रॉजर्सकडे या दुखण्याचं एक सोपं स्पष्टीकरण आहे, आणि ते मला आपल्या घरांना चपखल बसणारं वाटतं. लहान मुलाला दोन गोष्टी लागतात. एक, स्वतःला जे जाणवतं ते जाणवू देणं. दुसरी, जवळच्यांचं प्रेम. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र चालतात. पण प्रेम जेव्हा अटींवर मिळायला लागतं (रडलं नाहीस तर शहाणा, पहिला आलास तर आमचा, तक्रार केली नाहीस तर गुणी), तेव्हा मूल प्रेम निवडतं आणि जाणवणं सोडून देतं. या अटींना त्यांनी 'कंडिशन्स ऑफ वर्थ' म्हटलं. आपली किंमत कशावर ठरते, याच्या अटी. आई-वडील त्या दुष्टपणाने घालत नाहीत. बहुतेकदा बोलूनही दाखवत नाहीत. मूल आपोआप शिकतं. मोठं झाल्यावर या अटी बाहेरून कुणी लादाव्या लागत नाहीत, आपण त्या स्वतःच स्वतःला घालतो. आत जे चाललंय आणि 'मी असा आहे' असं आपण जे मानतो, त्यांच्यात फट पडते. ती फट म्हणजेच बेचैनी.

शिकागो विद्यापीठात १९४५ ते १९५७ या काळात रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही फट मोजायचाही प्रयत्न केला. क्लायंटला शंभर कार्डं द्यायची. प्रत्येकावर एक वाक्य, 'मी कष्टाळू आहे', 'मला स्वतःचा राग येतो' अशा धर्तीचं. आधी ती 'मी कसा आहे' याप्रमाणे लावायची, मग तीच 'मला कसं व्हायचंय' याप्रमाणे. दोन रचना किती जुळतात ते आकड्यात काढायचं. थेरपीला येणाऱ्यांच्या बाबतीत सुरुवातीला सरासरी जुळणी जवळजवळ शून्य होती; थेरपीनंतर ती वाढली. हे काम १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आलं. थेरपीच्या बंद खोलीत काय होतं ते तपासायला हवं, असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या लोकांत रॉजर्स होते. थेरपीची अख्खी संभाषणं रेकॉर्ड करून त्यांनी शब्दशः छापली, तीही १९४२ साली.

माझ्या क्लायंटने ही कार्डं लावली असती तर त्याला तिसरी रचनाही करावीशी वाटली असती, असं मला वाटतं : 'मी कसं असायला हवं असं घरच्यांना वाटतं'. आणि बहुधा दुसरी आणि तिसरी त्याला वेगवेगळ्या करता आल्या नसत्या.

*

आठवा सल्ला मी दिला नाही. तिसऱ्या भेटीत तो चिडला.

"तुम्ही नुसतं मी बोललेलंच परत बोलता. त्याचे पैसे घेता?"

पर्सन-सेंटर्ड थेरपीवर हा आरोप जगभर होतो. पोपटासारखं शेवटचं वाक्य परत म्हणायचं, अशी तिची टिंगल रॉजर्स हयात असतानाच व्हायची, आणि त्यांना तिचा त्रासही व्हायचा. कारण त्यांच्या मते महत्त्व वाक्य परत म्हणण्याला नव्हतंच. १९५७ च्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी बदलासाठी लागणाऱ्या अटी लिहिल्या. त्यांतल्या ऐकणाऱ्याकडून अपेक्षित असलेल्या तीन आजही शिकवल्या जातात. समानुभूती, म्हणजे समोरच्याचं जग त्याच्या डोळ्यांनी बघणं, पण त्यात वाहून न जाणं. विनाअट स्वीकार, म्हणजे 'तू असा असलास तर' ही अट न घालणं. आणि सच्चेपणा, म्हणजे ऐकणाऱ्याने आतून एक, बाहेरून एक असं न वागणं.

परीक्षेसाठी या तीन ओळी पाठ करणं सोपं असतं. त्या दिवशी मला तिसरी उपयोगी पडली. मी त्याला म्हटलं, "तुमचा राग बरोबर वाटतोय मला. तुम्ही मदत मागायला आलात, आणि समोरची बाई हात आखडता घेऊन बसली आहे असं वाटतंय. खरं सांगू का, काहीतरी सांगून टाकावं असा मोह मलाही होतोय. तुम्हालाही बरं वाटेल, मलाही. पण सात जणांनी सांगून झालंय. त्यांच्यातलं कुणी तुमचं पूर्ण ऐकलं होतं का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पूर्ण मी सांगितलंच कुठं कुणाला."

आणि मग हळूहळू जे आलं, ते मी सारांशाने लिहिते. त्याला असमाधान वाटण्याची लाज वाटत होती. आईने बिड्या वळून शिकवलं. तंबाखूच्या धुळीने तिला खोकला लागला. असल्या आईच्या मुलाने 'मला बरं वाटत नाही' म्हणणं म्हणजे तिच्या बोटांचा अपमान. त्याने कृतज्ञ असायला हवं होतं, आणि तो होताही. रोज. उठल्यापासून झोपेपर्यंत. "कृतज्ञ राहून राहून थकलो ओ मॅडम," तो म्हणाला, आणि लगेच, कुणी ऐकलं तर नाही ना अशा नजरेने दाराकडे बघितलं.

त्याच्या घरात कुणीही कधी म्हटलं नव्हतं, की तू आनंदी राहिलास तरच आमचा. पण अट होती. गरिबीतून वर आलेल्या कितीतरी घरांत ती असते. ज्याच्यासाठी सगळ्यांनी झिजायचं, त्याने फळ म्हणून समाधानी दिसायचं. त्याचं समाधान हीच घराची कमाई असते.

पुढच्या एका भेटीत तो आपल्या नेहमीच्या मराठीत बोलत होता, आणि एका वाक्यावर अडकला. शब्द शोधत राहिला. मग तेलुगूत म्हणाला, "तृप्ती लेदु."

मी तेलुगू कामापुरतं जाणते. लेदु म्हणजे नाही. मी तेवढंच म्हटलं, "तृप्ती लेदु."

तो रडला. अर्थ मला नंतर त्यानेच सांगितला. 'समाधान नाही' हे वाक्य तो मराठीत मित्रांपाशी, माझ्यापाशी, डॉक्टरांपाशी सहज बोलायचा. घरच्या भाषेत हे वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं. आईशी तो ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेत ते म्हणणं आजवर त्याला परवडलं नव्हतं.

इथे मी काही केलं का? दोन शब्द परत म्हटले. ते पोपटासारखं होतं की नाही, हे त्या खोलीतल्या दोघांनाच कळेल.

*

रॉजर्सना हे कुठून सुचलं, त्याची एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात ते बारा वर्षं मुलांसाठीच्या केंद्रात काम करत होते. एका मुलाच्या वागण्याची तक्रार घेऊन त्याची आई यायची. आईने मुलाला लहानपणी झिडकारलंय, तेच दुखण्याचं मूळ, असं रॉजर्सना दिसत होतं. हे तिला कळावं म्हणून अनेक भेटींत त्यांनी हळुवारपणे समजावलं. काही उपयोग होईना. शेवटी ते म्हणाले, आपण दोघांनी प्रयत्न केला, आता थांबू या. ती तयार झाली. उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांना कौन्सेलिंग देता का? हो म्हटल्यावर परत येऊन बसली, आणि तिने आपल्या संसाराचं दुःख सांगायला सुरुवात केली. आधीच्या भेटींत दिलेल्या नीटनेटक्या माहितीशी त्याचा काही संबंध नव्हता. खरी थेरपी तिथून सुरू झाली, असं रॉजर्स म्हणतात. कुठे दुखतंय हे तिला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

पुढे ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी एक भाषण दिलं. सल्ला देणं, पटवणं, अर्थ लावून सांगणं या जुन्या पद्धतींपेक्षा वेगळं काहीतरी शक्य आहे, अशी त्याची मांडणी होती. भाषणावर बरीच खळबळ झाली. आपल्या पद्धतीचा जन्म ते याच दिवसापासून धरायचे.

महाराष्ट्रात मानसोपचारांतलं सगळ्यांत परिचित नाव रॉजर्सचं नाही, अल्बर्ट एलिसचं आहे. त्याचं श्रेय ठाण्याच्या 'आयपीएच' संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींसारख्यांना आणि डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकाला जातं. एलिसची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याला जवळची वाटते याचं मला नवल वाटत नाही. तिच्यात वाद आहे, तर्क आहे, गृहपाठ आहे, चुकीच्या विचारावर बोट ठेवणारा गुरू आहे. रॉजर्स बहुतेकांना भेटतात ते बी.एड. किंवा एम.ए.च्या नोट्समध्ये, तीन मुद्द्यांपुरते.

या दोघांना शेजारी शेजारी बघायचं असेल तर १९६५ सालची एक फिल्म यूट्यूबवर आहे. ग्लोरिया नावाची घटस्फोटित तरुण आई एकामागून एक तीन थेरपिस्टना भेटते : रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस. रॉजर्सपुढे तिचा प्रश्न अगदी ठोस आहे. घटस्फोटानंतरच्या आपल्या पुरुषांशी असलेल्या संबंधांबद्दल मुलीशी खोटं बोलले, आता खरं सांगू की नको? ती परत परत उत्तर मागते. रॉजर्स तिला टाळत नाहीत. उत्तर देता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण हे तुझ्या वतीने मी ठरवू शकत नाही, अशा अर्थाचं ते बोलतात, आणि तिच्यासोबत त्या अडचणीत बसून राहतात. अर्ध्या तासात ती मुलीकडून वडिलांकडे पोचते. शेवटी म्हणते, तुमच्यासारखे वडील असते तर.

ही फिल्म मी विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा निम्मे कंटाळतात. 'काहीच होत नाही यात,' म्हणतात. एक-दोघं मात्र गप्प बसून असतात.

*

विनाअट स्वीकार सगळ्यांत अवघड असतो, आणि तो चांगुलपणाचा प्रश्न नाही. माझ्या बाबतीत ते असं झालं.

सहा महिन्यांनी त्याच्यापुढे एक निवड आली. बँकेत प्रमोशन. घेतलं तर बदली, तीही राज्याबाहेर. नाही घेतलं तर सोलापूर, आई-वडील, फ्लॅट. गल्लीचं उत्तर तयार होतं : प्रमोशन सोड, म्हाताऱ्यांना सोडून जातोस का? मित्रांचं उत्तर तयार होतं : वेडा आहेस का, घे.

माझंही उत्तर तयार होतं. मी सोलापूरची. १८७७ साली जिथे कापडगिरणी सुरू झाली, त्या गावात आज शिकलेल्या पोरांना काम नाही म्हणून सकाळच्या गाडीने पुणं गाठावं लागतं. माझ्या बरोबरीच्या बहुतेक सगळ्यांची मुलं बाहेर आहेत. माझीही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला सगळी परत येतात, होम मैदान फुलून जातं, आणि संक्रांत झाली की घरं पुन्हा शांत. इथे ज्याला नोकरी आहे, घर आहे, त्याने तरी राहावं, असं मला मनापासून वाटतं. त्याने राहावं असं मला वाटत होतं.

विनाअट स्वीकार म्हणजे मला हे वाटूच नये, असं नाही. त्याने राहणं ही माझ्या आपुलकीची अट होता कामा नये. तुम्ही मान किती उत्साहाने डोलावता, कुठल्या वाक्याला 'हं' म्हणता आणि कुठल्याला नाही, एवढ्यावरूनही समोरच्याला तुमची अट कळते. आयुष्यभर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपलं मोल वाचत आलेल्या माणसाला तर फार लवकर कळते. म्हणून त्या दोन-तीन भेटींआधी मी दहा मिनिटं एकटी बसायचे. माझं सोलापूर, माझी रिकामी खोली, हे माझं आहे, त्याचं नाही, एवढं स्वतःला स्पष्ट करून मग दार उघडायचे.

त्याने विचारलंच. "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मी म्हटलं, "मी सोलापूर सोडलं नाही, त्यामुळे माझं मन एका बाजूला झुकतं. ते तुम्हाला माहीत असू द्या. पण तुमच्या जागी तुम्ही आहात."

दरम्यान घरी एक घडलं होतं. त्याने आईला सांगितलं, तेलुगूतच. आईने आधी दृष्ट काढली. दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना ती म्हणाली, "काय होतंय ते सांग. मी मधे बोलत नाही." आणि ती खरंच बोलली नाही. कुठलाही कोर्स न केलेल्या त्या बाईने मुलाला जे दिलं, ते माझ्या खोलीतल्या सगळ्या भेटींपेक्षा मोठं होतं, असं मी मानते. आणि तिच्या घरात ते माझ्या हातून झालंही नसतं.

त्याने प्रमोशन घेतलं. तो गेला.

असमाधान संपलं का? नाही. नव्या गावी भाषा येत नाही, डाळ गोड लागते, रविवारची संध्याकाळ आजही जड जाते, असं तो सांगतो. पण आता ते वाटतं तेव्हा तो त्याला चोरासारखं लपवत नाही. "आता ते माझं आहे," हे त्याचे शब्द. निर्णय बरोबर होता की चूक, हे मला ठाऊक नाही. तो त्याने घेतला, एवढं ठाऊक आहे.

*

या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील.

रॉजर्स स्वतः १९५७ नंतर विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर काम करायला गेले. तिथे निकाल अपेक्षेइतके आले नाहीत. गंभीर आजारात औषध लागतं, मानसोपचारतज्ज्ञ लागतो, आणि फक्त ऐकून घेणं पुरत नाही. झोप-भूक गेली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते 'असमाधान' समजून बसू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

दुसरी मर्यादा पैशाची आणि पोटाची. यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या कामगाराचं असमाधान माझ्या खोलीत सुटणारं नाही. त्याला मजुरी वाढवून हवी आहे. मनाच्या फटीबद्दल बोलताना मजुरीची फट झाकली जाऊ नये.

तिसरी शंका नेहमी विचारली जाते : ही अमेरिकन व्यक्तिवादी गोष्ट, आपल्याकडे माणूस घरापासून वेगळा कुठे असतो? शंका रास्त आहे. पण माझ्या क्लायंटने 'स्वतःचं ऐकलं' तेव्हा त्याला घर सोडावंसं वाटलं म्हणून तो गेला नाही. स्वतःचं ऐकल्यावर तो आईशी पहिल्यांदा खरं बोलला. माणूस घराशी जोडलेलाच असतो. प्रश्न एवढाच, की त्या नात्यात त्याला खरं बोलायला जागा आहे का.

रॉजर्सचं किशोरवय शेतावर गेलं. हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेल्या बटाट्यांची आठवण त्यांनी लिहिली आहे. खूप वर एक छोटी खिडकी, आणि अंधारातल्या त्या बटाट्यांना फुटलेले पांढुरके, अशक्त कोंब, त्या खिडकीच्या दिशेने वाढत जाणारे. त्यांचं झाड कधीच होणार नव्हतं. तरी ते उजेडाकडेच जात होते. सोलापूरच्या बाजारात कांद्याचे ढीग बघणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. कॉटखाली विसरलेल्या कांद्यालाही कोंब फुटतो, आणि तो भिंतीकडे जात नाही. असमाधान मला त्या कोंबासारखं वाटतं. दिसायला केविलवाणं, पण दिशा बरोबर असलेलं. ते खुडून टाकायची घाई आपण फार करतो.

तुम्हाला थेरपिस्ट व्हायचं नसेल, तरी एक गोष्ट करून बघता येते. १९५१ च्या एका भाषणात रॉजर्सनी सुचवलेली. पुढच्या वेळी कुणाशी वाद होईल, किंवा रात्री एखाद्या मित्राचा 'काही मन लागत नाही बे' असा मेसेज येईल, तेव्हा स्वतःचं काही म्हणण्याआधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला सांगा, आणि तो 'हां, हेच' म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढू नका. रील पाठवू नका, मोटिव्हेशनल कोट पाठवू नका, 'चिल' लिहू नका. फोन करा.

वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे. पहिल्या मिनिटातच तुमच्या जिभेवर सल्ला येईल, आणि तो चांगलाही असेल. तेवढा दहा मिनिटं मागे ठेवा. दहा मिनिटांनी बहुतेक वेळा त्याची गरज उरलेली नसते.